मनू थांबायचा ती जागा

विल्सनचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात नुकताच येऊन टेबल पुसत होतो. सकाळचे सव्वानऊ. विल्सन आमच्या बँडचा ड्रमर, आणि हा माणूस सकाळी अकराच्या आत कोणाला फोन करत नाही, हे मला बावीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे. त्यामुळे त्याचं नाव दिसताच मी फडकं खाली ठेवलं. "पंडित, मनूची गाडी..." एवढंच तो बोलला. मग कोणीतरी त्याच्या हातून फोन घेतला आणि सांगितलं, की हिंगण्याच्या रस्त्यावर, त्याच्या कारखान्याच्या थोडं अलीकडे रस्ता डावीकडे वळतो, तिथे मनूची मोटरसायकल वळलीच नाही. सरळ गेली आणि झाडावर आदळली. मध्ये ट्रक नव्हता, कोणी कट मारला नाही, कुत्रं आडवं आलं नाही. "ब्रेकबी नाही मारला जी त्यानं. रस्त्यावर निशाणच नाही," तो अनोळखी माणूस मोठ्या नवलाने सांगत होता. मला नवल वाटलं नाही. मी खुर्चीत बसलो आणि पहिला विचार मनात आला तो हा, की या वेळी किती आवर्तनं झाली असतील? सांगायला लाज वाटते. जवळचा मित्र गेल्यावर माणसं रडतात, मी मोजत होतो.

या गोष्टीला आता दहा आठवडे झाले. वर्तमानपत्रांत दोन ओळी आल्या, ख्रिस्ती मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटांवर मेणबत्तीचे फोटो फिरले, आणि सगळीकडे एकच वाक्य होतं, 'इम्मानुएल रणदिवे, मोहरी बँडचा आवाज, प्रभूकडे गेला.' माझ्यासाठी तो इम्मानुएल कधीच नव्हता. मनू होता. आणि मी त्याच्यासाठी पंडित. माझं नाव अविनाश, पण आमचे बाबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे, एवढ्या भांडवलावर त्याने मला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पंडित करून टाकलं. "ए पंडित, पेटी येते ना तुले? मंग कीबोर्ड काहून नाही येणार बे?" अशी त्याची आमंत्रणाची पद्धत. महिनाभरात मी नंदनवनात त्याच्या घराच्या वरच्या खोलीत बसून येशूची गाणी वाजवत होतो. खोलीच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले होते, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तो जायचाच, आणि शेजारचे काका रीतसर शिव्या घालायचे. माझ्या आईला काळजी, पोरगा बाटतो की काय. मनू घरी आला, ओट्याशी उभा राहून दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी खाल्ली, गणपतीत आरतीला गिटार वाजवायचं कबूल केलं, आणि आईची काळजी त्या दिवशी संपली ती संपलीच. पुढे ती माझ्यापेक्षा त्याच्याशीच जास्त बोलायची.

'मोहरी' हे नाव त्याचंच. मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास पुरतो, असं त्यांच्या शास्त्रात आहे म्हणे. आमच्याकडचे नातेवाईक विचारायचे, "मोहरी तू, मग जिरं कोण?" आम्ही चौघं होतो. मनू गाणार आणि गिटार वाजवणार, विल्सन ड्रमवर, मी कीबोर्डवर, आणि थोड्या वर्षांनी आली ती वर्ध्याची रूथ, दुसरा आवाज. ती आधी बँडमध्ये आली आणि मग मनूच्या घरात. बेस गिटारवाला आम्हाला कधी टिकला नाही, म्हणून बेस माझ्या डाव्या हातात. मराठीत ख्रिस्ती पॉप रॉक म्हटलं की तेव्हा लोक हसायचे. चर्चमधल्या म्हाताऱ्यांना तो धांगडधिंगा वाटायचा आणि कॉलेजच्या पोरांना तो धांगडधिंगा पुरेसा वाटायचा नाही. तरी आम्ही फिरलो. वर्धा, चंद्रपूर, अमरावती, उमरेड... टेम्पोत ड्रमच्या मध्ये बसून, मांडीवर कीबोर्ड घेऊन. नाताळच्या आधीचे तीन आठवडे तर घर म्हणजे फक्त आंघोळीची जागा.

आता आमच्या कार्यक्रमाची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच निघालं. शेवटच्या गाण्याआधी बँडमधलं कोणीतरी पुढे येऊन साक्ष द्यायचं. देवाने माझ्या आयुष्यात काय केलं ते स्वतःच्या तोंडाने, लोकांसमोर सांगायचं. मी सोडून. मी हिंदू, मला कोणी आग्रह केला नाही, मी मागे हळू आवाजात स्वर धरून बसायचो. विल्सनची साक्ष दारू सुटल्याची होती. पण लोक यायचे ते मनूची साक्ष ऐकायला. नवव्या वर्षापासून त्याला मिरगी. शाळेत, रस्त्यात, जेवताना फिट यायची आणि तो धाडकन पडायचा. सतराव्या वर्षी एका प्रार्थनासभेत पाळकांनी डोक्यावर हात ठेवला, आणि त्या दिवसापासून एकही फिट नाही. हे शब्द न् शब्द खरं होतं. मी त्याच्या आईच्या तोंडून ऐकलेलं आहे. रूथने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते वर्ध्याला, ही साक्ष देताना. तिचा विश्वास त्या काळात पार डगमगला होता, तो या माणसाचं ऐकून उभा राहिला, हे ती पुढे स्वतःच्या साक्षीत सांगायची. म्हणजे तिची साक्ष त्याच्या साक्षीवर टेकलेली होती. त्याची हलली की तिची हलणार... हे आम्हाला फार उशिरा लक्षात आलं.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. 'ओंजळ' नावाचं आमचं एक गाणं होतं, मनूनेच लिहिलेलं. दुसरं कडवं संपलं आणि मनू तिसरं सुरूच करेना. उभा होता, डोळे उघडे, डावा हात गिटारच्या मानेवर. ओठ किंचित हलत होते. उजव्या हाताची बोटं शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी चाळा करत होती. मी तेच दोन स्वरगुच्छ पुन्हा पुन्हा वाजवत राहिलो, विल्सनने झांजेवर हलका ठेका धरला. चार आवर्तनं झाली आणि मनू जिथे थांबला होता बरोबर त्याच्या पुढच्या शब्दावर आला, जणू मध्ये काही घडलंच नाही. समोर लोक हात वर करून रडत होते. एवढी सलग शांतता त्यांनी गाण्यात कधी ऐकली नव्हती. कार्यक्रम संपल्यावर सगळे म्हणाले, आज आत्मा उतरला होता. विल्सन म्हणाला, "मनू बोलून राहिला होता कोणाशी तरी." रूथही तेच म्हणाली. मला आत्म्याची सवय नव्हती, म्हणून मला शर्टाचं बटण दिसलं.

तरी मी काही बोललो नाही. म्हटलं, आपण कोण? यांच्या देवाच्या मामल्यात आपली अक्कल कशाला पाजळायची? मग पावसाळा संपता संपता एकदा त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून मी धरमपेठेत घरी येत होतो. गप्पा चालल्या होत्या, तो अर्ध्या वाक्यात गप्प झाला. गाडी आपली चालत राहिली, एका लयीत, सरळ. समोर सिग्नल लाल. मी ओरडलो, "मनू! अबे मनू!" पाठ हलली नाही. मी मागून हात घालून हँडल कसंबसं कडेला ओढलं, गाडी दुभाजकाला घासून बंद पडली. मग तो वळला आणि शांतपणे म्हणाला, "... आणि मंग तो साहेब काय म्हणते माहीत आहे?" त्याचं ते अर्धं वाक्य त्याने पूर्ण केलं. त्याला कळेना मी असा का पाहतोय.

धरमपेठेत आमच्या घराजवळच मेंदूच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे, मी त्याला दुसऱ्याच दिवशी तिथे घेऊन गेलो. डॉक्टर वयस्कर, कमी बोलणारे. सगळं ऐकून म्हणाले, ही मिरगीच आहे, पडणारी नाही, हरवणारी. रोज दोन गोळ्या, एकही चुकवायची नाही. गाडी अजिबात चालवायची नाही. आणि घरी सांगा. बाहेर आल्यावर मनू पायरीवर बसला. "पंडित, मी दोनशे ठिकाणी सांगितलं बे लोकायले... की गेली म्हणून." मी म्हणालो, गेलीच होती ना, खोटं कुठे बोललास, आता परत आली, त्यात काय एवढं? तो म्हणाला, "रूथले कसं सांगू?" आणि इथे मी शहाणपणा केला. म्हटलं, नको सांगू, मी आहे. गोळ्या मी आणेन. घरात औषधाची रिकामी पट्टी सापडायला नको म्हणून मी गोळ्या सोलून काढायचो आणि त्याच्या गिटारच्या तारा छेडायच्या पिकच्या डबीत चौदा भरून द्यायचो. दर रविवारी उपासना आटोपून आम्ही सरावाला जमलो की तो रिकामी डबी मला देणार, मी भरलेली त्याला. डबी रिकामी आहे की नाही ते मी बोटाने चाचपून पाहायचो, एखाद्या मास्तरसारखं. गाडीचं त्याने ऐकलं, कंपनीच्या बसने हिंगण्याला जायला लागला. कोणी विचारलं तर, "गाडी कामाला टाकली."

गोळ्यांनी फरक पडला, पण ते थांबणं पूर्ण गेलं नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा व्हायचं, आणि झालं तर मंचावर लपवायचं कसं? तोडगा मीच काढला. 'ओंजळ'मध्ये ती थांबायची जागा आम्ही कायमचीच ठेवून दिली. मनू हरवला नसेल तरी चार आवर्तनं गप्प उभा राहायचा, मग एखाद्या दिवशी खरंच हरवला तर कोणाला कळणार? दुसऱ्या गाण्यात झालं तरी मी तेच दोन स्वरगुच्छ धरायचो आणि लोक समजून जायचे, की आता प्रार्थना. कोणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला आणि तो कुठल्या कुठे गेला. नाशिकहून बोलावणं आलं, गोव्याहून आलं. चौदा-पंधरा वर्षं टेम्पोत हाडं खिळखिळी करून जे झालं नव्हतं ते त्या शांततेने केलं. लोक 'ओंजळ'ची फर्माईश करायचे ती गाण्यासाठी नाही, त्या थांबण्यासाठी. माझ्या मित्राच्या दुखण्यावर टाळ्या पडत होत्या आणि स्वर मी धरला होता.

आमच्या दोघांची एक खूण होती. शुद्धीवर आला की तो माझ्याकडे बघून भुवई उडवायचा, म्हणजे, किती? मी कीबोर्डच्या आडून बोटं दाखवायचो. दोन, तीन, चार. आपण किती वेळ नव्हतो हे त्याला स्वतःला कधीच कळायचं नाही. ते फक्त मला माहीत असायचं.

गेल्या हिवाळ्यात उमरेडला कार्यक्रम होता. दिवस मावळताना आटोपला, आम्ही सामान टेम्पोत चढवत होतो. एक बाई आली, बरोबर दहा-अकरा वर्षांची मुलगी, निळा स्वेटर, दोन वेण्या. बाई मनूला म्हणाली, "दादा, हिलेबी मिरगी आहे. सरकारी दवाखान्याच्या गोळ्या चालू आहेत चार वर्षांपासून. आज तुमची साक्ष ऐकली... मंग आता बंद करू का हिच्या गोळ्या?" मनूने तोंड उघडलं. तेवढ्यात झांजेचा स्टँड खांद्यावर घेतलेला विल्सन मागून म्हणाला, "विश्वास ठेवा ताई. ज्यानं याले बरं केलं तो पोरीलेबी करन." त्याचं काही चुकलं नाही, त्याला काय माहीत होतं? बाईने हात जोडले, मुलीला घेऊन गर्दीत गेली. मी मनूच्या बटणाकडे पाहिलं. हात खाली होता. तो पूर्ण शुद्धीवर होता, तेच वाईट. "पंडित, ती बाई गोळ्या फेकून देईन बे," एवढं म्हणून तो फाटकाकडे धावला. वीस मिनिटांनी परत आला, धापा टाकत. बाई सापडली नव्हती.

पुढच्या रविवारी तो मला खोलीबाहेर जिन्यात घेऊन गेला. म्हणाला, उपासनेत उभा राहून सगळं सांगतो, लोक सांगतील एकमेकांना, त्या बाईपर्यंत जाईल. आणि मी... आता हे लिहायलाच हवं. मी म्हणालो, आत्ता नको. पुढच्या महिन्यात अल्बमचं रेकॉर्डिंग आहे. विल्सनचा विचार कर, रूथचा कर, इतक्या वर्षांची मेहनत मातीत जाईल. साक्ष देऊ नको हवं तर, पण उघड करू नको. तो बराच वेळ कठड्याचा रंग नखाने खरवडत राहिला. "साक्ष नाही दिली तर लोक विचारतीन. दिली तर ती बाई डोळ्यासमोर येते. म्हणजे एकच रस्ता राहिला आता." मला वाटलं, बँड सोडायचं म्हणतोय. मी विचारलं नाही. उलट घाईघाईने विषय बदलला, च्यायला, सरावाला उशीर होतोय म्हणालो. त्या जिन्यात आणखी दोन मिनिटं उभा राहिलो असतो तर?

रेकॉर्डिंग आटोपलं. उन्हाळा लागता लागता तो पुन्हा मोटरसायकलवर दिसायला लागला. मी भडकलो. तो हसला, "बरा आहे मी आता. तूच तर सांगून राहिला." मी सांगत होतो खरं. उमरेडनंतर तो इतका खचला होता, की आवर्तनं वाढली तरी मी बोटं कमी दाखवायला लागलो होतो. सात झाली तर तीन. आठ झाली तर दोन. म्हटलं, गोळ्या चालू आहेत, येईल आटोक्यात, तोवर बिचाऱ्याच्या जिवाला उभारी. डॉक्टरांना गोळी वाढवायला सांगू म्हणून दोनदा म्हणालो, त्याने दोनदा टाळलं. त्याच दिवसांत त्याची गिटार उचलली की आतून काहीतरी खुळखुळायला लागलं. आधी जेमतेम, मग दर रविवारी जरा जास्त. माझा कान तिखट आहे, मला असलं सहन होत नाही. "आतली पट्टी सुटली असेल, दाखव ना कोणाला." तर म्हणे, "राहू दे बे पंडित. त्या आवाजाची सवय झाली मले."

शेवटचा रविवार. खोलीत आम्ही चौघंच. 'ओंजळ' चाललं होतं आणि तो थांबला. चार आवर्तनं, सहा, आठ. रूथ डोळे मिटून हात वर करून उभी. विल्सन मान खाली घालून ठेका धरून. मी एकटा त्या बटणाकडे बघतोय. नऊ, दहा. बोटं बटण पिरगाळत होती, पिरगाळत होती, आणि धागा तुटला. बटण फरशीवर पडून माझ्या पायाशी घरंगळत आलं. अकरा. मग तो परत आला आणि पुढचा शब्द गायला. गाणं संपल्यावर त्याने लोंबणारा दोरा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, भुवई उडवली. मी दोन बोटं दाखवली. त्याचा चेहरा इतका उजळला... लहान पोराला परीक्षेत पास झाल्याचं कळावं तसा. त्याने रिकामी डबी दिली, मी भरलेली दिली. मंगळवारी सकाळी विल्सनचा फोन आला.

दफनाच्या दिवशी माणसांना उभं राहायला जागा नव्हती. त्यानंतर महिन्याभराने चर्चमध्ये स्मरण सभा ठेवली. 'ओंजळ' आम्ही तिघांनी वाजवलं, गायली रूथ. दुसरं कडवं संपलं, सवयीने ती थांबली, विल्सनचा ठेका, माझे दोन स्वरगुच्छ. चार झाली, आठ झाली. तिला तिसरं कडवं उचलवेना आणि मला हात उचलवेना. लोकांचे हात वर. सोळा... वीस... परत येणारं कोणी नव्हतं. शेवटी मीच वाजवायचं सोडलं. मग पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "अविनाश, दोन शब्द बोलतोस?" बावीस वर्षांत पहिल्यांदा मला साक्ष द्यायला बोलावलं होतं. मी माईकसमोर उभा राहिलो. म्हणालो, मनू फार चांगला माणूस होता. आणि खाली येऊन बसलो. भेकड, दुसरं काय?

सभा आटोपल्यावर रूथ गिटार घेऊन आली. "तुमच्याकडे राहू द्या, अवीदादा. घरात मले पाहवत नाही." मी हातात घेतली, आत खुळखुळलं. रूथच म्हणाली, काहीतरी पडलंय आत, बघा ना. मी गिटार उलटी करून हलवली. एक गोळी बाहेर पडली, मग दुसरी, मग पाच-सहा एकदम, चर्चच्या बाकावर. पांढऱ्या, मध्ये रेघ असलेल्या. मी स्वतःच्या हाताने सोललेल्या. दर रविवारी मला रिकामी डबी दाखवता यावी म्हणून तो आधी त्या गिटारीत ओतत होता. फेकल्या मात्र नव्हत्या. त्याला साक्ष बदलता येत नव्हती, म्हणून तो ती खरी करायला निघाला होता. आणि बोटं कमी दाखवून, होतेय रे खरी, असं त्याला मी सांगत होतो. त्याने माझ्यापासून गोळ्या लपवल्या, मी त्याच्यापासून आवर्तनं. दोघंही एकमेकांवर माया करत होतो, आग लागो असल्या मायेला.

रूथला तिथेच सगळं सांगितलं. ती गोळ्या वेचत ऐकत होती. मग वेचायची थांबली. "माझ्या नवऱ्याच्या गोळ्या तुम्ही मोजून राहिले होते, दादा... आणि मले वाटे तो प्रार्थना करून राहिला. मले काहून नाही सांगितलं?" मी म्हणालो, तुझी साक्ष मोडली असती. ती ओरडली, चर्चमध्ये, सगळ्यांसमोर, "मोडू द्यायची ना! ती मी पाहून घेतली असती!" पाळकसाहेब धावत आले. त्यांनाही सांगितलं. ते बाकावर बसले, चष्मा काढला, खूप वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, "मी दहा वर्षांपासून बीपीची गोळी घेऊन राहिलो, बाबू. उपासनेच्या आधी, सगळ्यांच्या समोर, पाणी मागून घेतो. एकदा येऊन विचारायचं होतं ना मले." मनूने ते पाणी मागणं शेकडो रविवार पाहिलं होतं. दोन-चारदा मीही पाहिलं होतं. देवाला अमुक चालेल की नाही, ते त्याच्या माणसाला न विचारता आम्ही दोघांनी जिन्यात ठरवून टाकलं.

रूथ पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. मग तिचा फोन आला, आवाज कोरडा. "ती उमरेडची बाई. तिले कोणी सांगितलं?" कोणीच नव्हतं सांगितलं. रूथ, विल्सन आणि मी दोनदा जाऊन आलो. तिथल्या पाळकांना विचारलं, शाळांत विचारलं, सरकारी दवाखान्यात गेलो. कार्यक्रमाला आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं आली होती, कुठली बाई आणि कुठली मुलगी, कोण सांगणार? परत येताना विल्सन सबंध रस्ता एकच घोकत होता, "मी बोललो बे ते. मी बोललो." गाडीतून उतरताना रूथ म्हणाली, "पेपरात लिहा. सगळं लिहा. आमच्या नावासकट." म्हणून हा लेख. मनूची आठवण काढायला मला वर्तमानपत्राची गरज नाही.

ताई, तुम्ही गेल्या हिवाळ्यात उमरेडला आला होता. तुमच्या मुलीचा स्वेटर निळा होता, दोन वेण्या होत्या. ज्या दादाला तुम्ही विचारलंत त्याला उत्तर द्यायचं होतं, तो तुमच्या मागे फाटकापर्यंत धावला होता. त्याचं उत्तर असं, की गोळ्या बंद करू नका. केल्या असतील तर आजच मुलीला घेऊन दवाखान्यात जा, डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करा. प्रार्थना करा, जरूर करा, गोळीही द्या. तो स्वतः गोळ्या घेत होता. ज्या दिवशी त्याने तुम्हाला साक्ष सांगितली, त्या दिवशीही सकाळी घेतली होती. ही माझी साक्ष, उशिरा दिलेली. हे वाचणाऱ्या कोणाला त्या ठाऊक असतील तर एवढं त्यांना वाचून दाखवा.

गिटार माझ्या खोलीत खिडकीशी टेकवून ठेवली आहे, आणि खाली पडलेलं ते बटण टेबलाच्या खणात. रविवारी चार वाजले, सरावाची वेळ झाली की अजून हात सवयीने डबी शोधतो. बाकावर पडलेल्या गोळ्या रूथने परत आतच टाकल्या. केर काढताना बायको गिटार उचलते आणि आतून खुळखुळतं, ती म्हणते, आता तरी काढून टाका की हो त्या गोळ्या. त्या बाईंचा पत्ता लागला, मुलगी बरी आहे असं कळलं, की त्या दिवशी तारा सोडवून काढीन म्हणतो. तोवर राहू दे वाजत.